विषमयुग्मजी झाडे कमी का भरतात?

एका जंगलातून एकाच जातीच्या १०० झाडांची पाने आणली. डीएनएवरच्या एका खुणेची त्यांत दोन रूपे सापडली: १८० आणि १८४ अक्षरे (डीएनएचे घटक) लांबीची. पहिल्याचे प्रमाण ०.६, दुसऱ्याचे ०.४. परागीभवन सरमिसळ होत असेल, तर दोन्ही रूपे असलेली (एक आईकडून, एक बापाकडून आलेले), म्हणजे विषमयुग्मजी झाडे २ × ०.६ × ०.४ या हिशेबाने ४८ भरायला हवीत. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये मांडलेला हा नियम. मोजली तर ३०च निघाली.

जंगल तुटले, नात्यातल्या नात्यात परागीभवन वाढले, असे लगेच लिहिले जाते. पण आधी पाने कुठून तोडली ते पाहावे. ५० झाडे एका उतारावरची आणि ५० दुसऱ्या उतारावरची असतील, १८० या रूपाचे प्रमाण पहिल्या उतारावर ०.९ आणि दुसऱ्यावर ०.३ असेल, तर विषमयुग्मजी झाडे अनुक्रमे ९ आणि २१ येतात. बेरीज ३०! दोन्ही उतार आपापल्या जागी अगदी नियमात आहेत; तूट आली ती दोन गट एकत्र मोजल्यामुळे. म्हणून प्रत्येक झाडाची जीपीएस नोंद हवीच.

दुसरा संशय प्रयोगशाळेवर. प्रायमर, म्हणजे खूण शोधून तिच्या प्रती काढायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा, जिथे चिकटतो तिथेच बदल झाला असेल, तर ते रूप दिसतच नाही आणि विषमयुग्मजी झाड समयुग्मजी, म्हणजे एकच रूप असलेले, भासते. अशी तूट एखाद्याच खुणेवर ठळक दिसते, बाकीच्या खुणा ठीक असतात. मातृवृक्ष आणि त्याचे बी एकत्र तपासले की हे उघडे पडते: आई फक्त १८० दाखवते आणि तिचे बी फक्त १८४, हे शक्य नाही, म्हणजे एक रूप लपले आहे. आईचे एक रूप बीमध्ये यायलाच हवे.

डीएनए खराब असला तरी एक रूप गळते. त्याची सुरुवात बहुधा पाने ठेवलेल्या पिशवीत होते. पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) घालावे, पान शक्यतो कोवळे घ्यावे, जाड असल्यास मधली शीर काढून तुकडे करावेत आणि जेलचा रंग बदलताच ते बदलावे. सावकाश सुकलेले पान तपकिरी पडते. पानातली पॉलिफेनॉल ही रसायने डीएनएला चिकटतात आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया, अडते. डीएनए काढण्याच्या सीटॅब या द्रावणात पॉलिफेनॉल धरून ठेवणारे पीव्हीपी घातल्याने बराच फरक पडतो, पण कुजलेले पान त्यानेही सुधारत नाही. काही नमुने पुन्हा चालवून निकाल जुळतात का, हे पाहणे स्वस्तातला विमा आहे.

एवढे करूनही बहुतेक सगळ्या खुणांवर तूट उरली, तर नात्यातले परागीभवन मान्य करावे. तेव्हा मोठ्या झाडांबरोबर रोपेही मोजावीत. स्वपरागीभवनातून आलेली बरीच रोपे लहानपणीच मरतात, त्यामुळे तूट रोपांत जास्त आणि मोठ्या झाडांत कमी दिसते. शिवाय आज उभी असलेली शंभर-दोनशे वर्षांची झाडे जंगल तुटण्याआधीच रुजलेली असतात. अलीकडच्या तोडीचा परिणाम त्यांच्या जनुकांत शोधून सापडणार नाही.