चान्यांची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांची, कृती छापून यायला एवढा उशीर का झाला?

छापील पाककृती मराठीला नव्या नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांची चूल मात्र या परंपरेत दिसत नव्हती. ती आठवणी आणि कृतींसह एकत्र मांडली शाहू पाटोळे यांनी, ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये, २०१५ साली.

मधल्या काळात दलित आत्मकथनं आली होती: ‘बलुतं’ १९७८ चं, ‘जिणं आमुचं’ १९८६ चं. त्यांत भूक आहे, मागून आणलेली भाकरी आहे. पण कालवण कसं करायचं हे सांगणं त्यांचं काम नव्हतं. त्यामागे आणखी एक कारण दिसतं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. जे स्वाभिमानाने सोडलं, त्याची कृती कोण लिहून ठेवणार?

आणि तरीही त्या कृतींत केवढं शहाणपण आहे! चान्यांच्या पट्ट्या लांब असतात. पट्टी पातळच हवी. जाड राहिली तर वरून कडक होते, आत ओल राहते आणि तिथूनच सडायला लागते. दोरीवर टाकताना पट्ट्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. ऊन कडक हवं. ढगाळ, दमट हवेत बुरशी धरते. नीट वाळलेली चानी वाकत नाही, मोडते. ती निखाऱ्यावर भाजायची, नाहीतर भिजवून शिजवायची.

येसूरचंही, म्हणजे कालवण दाट करायच्या भाजक्या पिठाचंही, तसंच. बाजरी किंवा ज्वारी, हरभऱ्याची डाळ आणि धणे वेगवेगळे भाजायचे. एकत्र टाकले तर डाळ भाजेपर्यंत धणे करपतात आणि सगळं पीठ कडू होतं. कालवणात घालण्याआधी येसूर गार पाण्यात कालवून घ्यायचं, थेट उकळत्या रश्शात टाकलं की गुठळ्या झाल्याच. जिथे तेल-खोबरं परवडत नव्हतं, तिथे रश्शाला दाटपणा यायचा तो याच पिठाने.

ज्या वर्षी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं, त्याच वर्षी महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. म्हशी त्यातून वगळल्या. भूषण कोरगावकरांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.