तेरा काडतुसांची मूठ

ब्राउनिंग हाय-पॉवर हे पिस्तूल समजून घ्यायचं तर नळीआधी त्याचं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, पाहावं. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याला किमान दहा काडतुसं मावणारं पिस्तूल हवं होतं. तेव्हा अमेरिकी कोल्ट 1911 मध्ये सात आणि जर्मन ल्यूगरमध्ये आठ मावत. बेल्जियममधल्या एफएन या शस्त्रांच्या कारखान्यातल्या दियुदोने सेव्ह यांनी काडतुसं एकावर एक न रचता दोन रांगांत बसवली. आंब्याच्या पेटीत वरचा आंबा खालच्या दोघांमधल्या खळगीत बसतो ना, तसंच. वर तोंडाशी दोन्ही रांगांची एकच रांग होते. मूठ थोडीच जाड झाली, आणि काडतुसं मावली तेरा!

पिस्तुलाचा आराखडा अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांचा. कोल्ट 1911 ही त्यांचीच निर्मिती, पण तिचे पेटंट हक्क कोल्ट कंपनीकडे होते. स्वतःच्याच युक्त्या टाळून त्यांना नवं पिस्तूल रचावं लागलं. 26 नोव्हेंबर 1926 रोजी बेल्जियममधल्या लिएजमध्ये, एफएनच्या कारखान्यात काम करत असतानाच त्यांचं निधन झालं. पुढचं काम सेव्ह यांनी हाती घेतलं. 1928 मध्ये कोल्टच्या पेटंटांची मुदत संपली, तेव्हा ब्राउनिंग यांना वापरता न आलेल्या काही गोष्टी सेव्ह यांनी या पिस्तुलात आणल्या. गुरूचं काम शिष्याने इतक्या निष्ठेने पूर्ण केल्याची उदाहरणं यंत्रांच्या इतिहासात फार नाहीत.

आता नळीकडे वळू. गोळी सुटते त्या क्षणी नळीत वायूचा प्रचंड दाब असतो. मागची बाजू तेव्हाच उघडली तर काडतुसाचं कवच फाटेल. म्हणून नळी आणि वरची स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकींत अडकून काही मिलिमीटर जोडीनेच मागे सरकतात. तोवर गोळी बाहेर पडते, दाब उतरतो, मग नळीचा मागचा भाग खाली झुकून स्लाइडपासून सुटतो. 1911 मध्ये हे झुकवण्याचं काम एक छोटी हलती कडी करते. हाय-पॉवरमध्ये ते नळीखालच्या घडीव उंचवट्यावर सोपवलं आहे. एक सुटा भाग कमी झाला. पुढच्या असंख्य पिस्तुलांनी हीच तऱ्हा उचलली.

बेल्जियमच्या सैन्याने 1935 मध्ये ते स्वीकारलं. 1940 मध्ये कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला आणि तिथे त्यांच्यासाठी हेच पिस्तूल बनू लागलं. तिकडे कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने ते दोस्तराष्ट्रांसाठी बनवलं. आपल्याकडे पश्चिम बंगालच्या ईशापूर रायफल फॅक्टरीत त्याच घडणीचं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल तयार होतं.

ज्यांच्या मागणीपासून हे सुरू झालं, त्या फ्रेंचांनी मात्र वेगळंच पिस्तूल निवडलं. मॅगझिन काढलेलं असताना चाप ओढला तरी गोळी सुटू नये, ही त्यांचीच अट. ती सोय हाय-पॉवरमध्ये कायम राहिली, आणि तिच्यामुळे चाप थोडा जड लागतो, ही तक्रारही.