लाकडावरचे बंब व बॉयलर : वीज गेल्यावरचे अतितापन-संरक्षण

सरपणावर चालणाऱ्या घरगुती बॉयलरमधील पाणी पंपाने फिरते. वीज गेली की पंप थांबतो, भट्टीतला जाळ मात्र चालूच राहतो. अशा वेळी पाणी उकळून वाफेचा दाब वाढू नये आणि भांडे कोरडे पडून जळू नये, यासाठीची रचना व दक्षता म्हणजे अतितापन-संरक्षण. गीझरचे बटण बंद करता येते. पेटलेल्या बाभळीच्या ओंडक्याला बटण नसते.

मराठवाड्यात जुन्या घरांतून न्हाणीपाशी तांब्याचा बंब असे, अजूनही कित्येक ठिकाणी आहे. मधोमध जळतणाची नळी, भोवती पाणी, खाली जाळी व राख. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी 5–6 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा त्याची किंमत कळते. हा बंब वरून उघडा असल्याने त्यात दाब साठत नाही आणि त्याला वीजही लागत नाही. गच्चीवरच्या टाकीतून नळाने पाणी घेणाऱ्या बंबाला मात्र लागते, आडवाटेने. मोटार बंद, टाकी रिकामी, तरीही तोटी चालू, असे झाले की पातळी उतरते, नळी उघडी पडते आणि सांध्यांचा डाख (झाळ) सुटतो. शेतातल्या आखाड्यावर थ्री फेज ठरावीक तासच, कधी दिवसा कधी रात्री येते. तिथे बंब पेटवण्याआधी टाकीत डोकावणे हेच पहिले संरक्षण.

वसतिगृहे, लॉज आणि काही मोठ्या घरांत दिसणारा, पंप व साठवण टाकी जोडलेला बंद पोलादी बॉयलर हा वेगळा प्रकार. त्याचा धोका हिशोबाने पाहावा. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण 4 युनिटइतकी उष्णता असते. भट्टीत 5 किलो लाकूड असताना लाईट गेली आणि निम्मी उष्णता पाण्यात उतरली, तर ती 10 युनिट भरते. बॉयलरमधले 100 लिटर पाणी 60 अंशांवरून उकळीला न्यायला साडेचार युनिटही लागत नाहीत. (मराठवाड्याचे पठार बऱ्याच भागात समुद्रसपाटीपासून 500–600 मीटर उंच असल्याने इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते.) उरलेल्या उष्णतेत सुमारे 9 लिटर पाण्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशेपटींहून अधिक जागा मागते. हेच पाणी 300 लिटर असते, तर ते 90 अंशांच्या अलीकडेच थांबले असते. त्यामुळे वीज नसतानाही पाणी ज्यातून आपोआप फिरते अशी मोठी साठवण टाकी हे बिनबोलाचे संरक्षण होय.

सर्वांत भरवशाची सोय म्हणजे उघडी वाफनळी, प्लंबरच्या भाषेत एअर पाइप. ती बॉयलरच्या माथ्यावरून निघून गच्चीवरच्या टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जावी. वाटेत कुठेही वाॅल्व नसावा. तोंड खाली वळवलेले असावे आणि जिथे वाळवण घालतात वा पोरे खेळतात तिकडे नसावे. नळी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) किंवा तांब्याची हवी. सीपीव्हीसी या गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपाची मर्यादा 93 अंश, म्हणजे उकळत्या पाण्यापुढे ती आधीच हरलेली. पीव्हीसी तर लोळणच घेते. बोअरच्या जड पाण्याचा क्षार ही आपल्याकडची खरी डोकेदुखी. नळीत पांढरा थर चढत जातो, तो दाब वाढला की आपोआप उघडणाऱ्या सेफ्टी वाॅल्वच्या बैठकीवरही बसतो आणि वाॅल्व ऐन वेळी उघडत नाही. म्हणून वाॅल्वची कळ अधूनमधून उचलून पाणी सुटते का ते पाहावे आणि पावसाळ्यानंतर, बॉयलर सुरू होण्याआधी, नळीत तार घालून ती मोकळी करावी. उघड्या नळीच्या जागी नुसत्या सेफ्टी वाॅल्ववर भिस्त ठेवणे या भागात तरी शहाणपणाचे नाही.

दुसरा उपाय गुरुत्वाभिसरणाचा. गरम पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी खाली येते. छतावरचा सोलर याच तत्त्वावर चालतो. टाकी बॉयलरपेक्षा उंच, पाइप रुंद आणि सतत चढता ठेवला की पंपाविनाही उष्णता वाहून जाते. मध्ये कडक स्प्रिंगचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवला तर मात्र हा सगळा खटाटोप वाया जातो, कारण त्या क्षीण प्रवाहाला स्प्रिंग ढकलता येत नाही.

युरोपात घरे उबदार ठेवण्यासाठी असे बॉयलर सर्रास वापरतात. तिथे बंद प्रणालीत सुमारे 95 अंशांना आपोआप उघडणारा, विजेविना चालणारा वाॅल्व असतो. तो बॉयलरमधल्या वेटोळ्यातून नळाचे गार पाणी सोडून उष्णता गटारात घालवतो. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ही योजना सुचवणे अवघडच. शिवाय एकमजली घराच्या टाकीचा दाब जेमतेम 0.3–0.4 बार भरतो, आणि प्रेशर पंप लावावा तर तोही विजेचाच.

पंपाला इन्व्हर्टर जोडता येतो. तो साइन वेव्हचा असावा, स्क्वेअर वेव्हवर मोटार घुमते नि तापते. पण बॅटरी दगा देऊ शकते. म्हणून ही दुय्यम सोय.

प्रत्यक्ष लाईट गेली की जळतण घालणे थांबवावे, राखेचे दार लावून हवा तोडावी आणि टाकीत पाणी असेल तर गरम पाण्याची तोटी सोडावी. मात्र त्या धारेखाली हात नको. पाइपातून खडखड ऐकू येणे ही उकळीची खूण आहे. भट्टीत पाणी ओतू नये, वाफेने चेहरा भाजतो. कोरड्या पडलेल्या तापल्या बंबात तर गार पाणी मुळीच सोडू नये. धुमसत्या भट्टीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, तेव्हा न्हाणीची खिडकी उघडी ठेवून भट्टीचे दार सावकाश किलकिले करावे. लाईट जाण्याची वेळ माहीत असेल तर ओंडक्यांऐवजी तुराट्या-पऱ्हाट्या वापराव्यात. त्या भराभर जळून विझतात, निखारा फारसा धरत नाहीत.

1923 च्या बॉयलर कायद्याची जागा 2025 मध्ये नव्या कायद्याने घेतली. 25 लिटरपेक्षा लहान भांडी, तसेच 100 अंशांखाली पाणी तापवणारी उपकरणे त्याच्या व्याख्येबाहेर राहतात. घरगुती बंबाकडे त्यामुळे कोणी निरीक्षक फिरकत नाही. तपासणी घरच्यांनीच करायची असते.