व्हर्च्युअल मशीनमधलं चित्र का अडखळतं?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. समजा, विश्रामबागेतला अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी अशा पाण्याचा त्रिमितीय नकाशा करायला बसला. लॅपटॉपवर विंडोज, त्यात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकातला संगणक, आणि त्यात लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. नकाशा फिरवला की चित्र अडखळतं, पंखा घोंघावतो आणि घरचे म्हणतात, नवा लॅपटॉप घे. पुष्कळदा त्याची गरजच नसते.

फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचं तर १२ कोटींहून जास्त ठिपके रंगवावे लागतात. ग्राफिक्स कार्डात यासाठी शेकडो छोटे गणक एकदम राबतात. पण आतल्या लिनक्सला ते कार्ड दिसतच नाही. त्याच्यापुढे असतं सॉफ्टवेअरने उभं केलेलं एक साधं, नकली कार्ड. मग रंगवण्याचं सगळं काम मुख्य प्रोसेसरच्या मोजक्या गाभ्यांवर (कोअर) पडतं. उबुंटू या लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ असं नाव आलं, तर हेच चाललंय असं समजावं.

पहिला उपाय दुभाष्याचा. आतल्या प्रोग्रामच्या चित्र काढण्याच्या आज्ञा बाहेर पाठवायच्या आणि खऱ्या कार्डाकडून काम करून घ्यायचं. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये थ्रीडी ॲक्सिलरेशनची खूण करून व्हिडिओ मेमरी वाढवली आणि आत गेस्ट ॲडिशन्स हा त्याचा जोड-संच बसवला की हा मार्ग खुला होतो. लिनक्सवरच्या क्यूईएमयू या तशाच प्रोग्राममध्ये हेच काम व्हर्जिल हा भाग करतो. भाषांतरात थोडा वेग जातो, काही नव्या सोयी मिळत नाहीत. तरी सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा उपाय म्हणजे अख्खं कार्डच आतल्या मशीनला देणं, पासथ्रू. शेत खंडाने दिल्यासारखं: तेवढ्या काळात मालकाला त्यात नांगर घालता येत नाही. कार्ड मेमरीत थेट लिहितं, आणि आतल्या मशीनला माहीत असलेले पत्ते खरे नसतात. म्हणून आयओएमएमयू नावाचं हार्डवेअर प्रत्येक पत्ता बदलून देतं आणि कार्डाला दुसऱ्याच्या मेमरीत शिरू देत नाही. इंटेलवर त्याचं नाव व्हीटी-डी. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ते चालू करावं लागतं. वेग जवळजवळ पूर्ण मिळतो, पण यजमानाच्या, म्हणजे बाहेरच्या सिस्टिमच्या, पडद्यासाठी सहसा दुसरं कार्ड लागतं. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचे विंडोज ड्रायव्हर तर २०२१ पर्यंत व्हर्च्युअल मशीन ओळखून ‘एरर ४३’ देत थांबायचे.

पुराचं गणितही कार्डावरच, एनव्हिडियाचं कुडा (कार्डाकडून गणित करवून घेण्याची सोय) वापरून करायचं असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सचा दुभाष्या पुरत नाही. अशा वेळी विंडोज ११ मधलं डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) पाहावं. तेही आतून व्हर्च्युअल मशीनच आहे, पण एनव्हिडियाचं कार्ड विंडोज आणि लिनक्स तिथे एकाच वेळी वापरू शकतात.