व्हिडिओचे थंबनेल आणि शीर्षक

ऑनलाइन व्हिडिओ उघडण्याआधी प्रेक्षकाला त्याच्याविषयी मुख्यतः दोन गोष्टी दिसतात : एक छोटे चित्र आणि त्यालगतची एक-दोन ओळींची अक्षरे. चित्र म्हणजे थंबनेल, अक्षरे म्हणजे शीर्षक. काम दोघांचे मिळून एकच : आत काय मिळेल याचे आश्वासन देणे. म्हणून दोन्ही एकत्र आणि शक्यतो चित्रीकरणाआधीच ठरवतात. काम आटोपल्यावर व्हिडिओत फ्रेम (म्हणजे एका क्षणाचे स्थिर चित्र) शोधायला बसले की हललेला हात, अर्धमिटले डोळे किंवा गजबजलेली पार्श्वभूमी एवढेच हाती लागते. चित्रीकरणाच्या वेळीच थंबनेलसाठी पाच-दहा स्थिर फोटो वेगळे काढून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले तेव्हा अशी निवड फारशी नव्हती. यंत्रणाच व्हिडिओतून तीन फ्रेम उचले आणि त्यांतली एक घ्यावी लागे. नेमक्या कोणत्या क्षणाची फ्रेम उचलली जाते हे कळल्यावर काहींनी त्या जागी विषयाशी संबंध नसलेले भडक चित्र क्षणभर घुसवायला सुरुवात केली. फसव्या थंबनेलची परंपरा ही अशी जुनी आहे. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी नुसत्या व्ह्यूंऐवजी पाहण्याच्या वेळेला अधिक वजन दिले, आणि क्लिक मिळवून प्रेक्षकाला निराश करणे तोट्याचे ठरू लागले. आज स्वतःचे थंबनेल चढवण्यासाठी खात्याची फोन क्रमांकाने पडताळणी करावी लागते.

आकार आणि जागा. यूट्यूबसाठी शिफारस केलेले माप १२८० × ७२० पिक्सेल, प्रमाण १६:९, किमान रुंदी ६४० पिक्सेल. फाइलसाठी दीर्घकाळ २ एमबीची मर्यादा प्रचलित राहिली. जेपीजी या फोटो-फाइलच्या प्रकारात त्याखाली राहणे अवघड नसते. मात्र माप पाळले म्हणजे काम झाले असे नाही, कारण प्रेक्षक ते चित्र या मापात क्वचितच पाहतो. संगणकावर शेजारच्या सुचवण्यांच्या रांगेत थंबनेल जेमतेम १६८ × ९४ पिक्सेलचे होते. म्हणजे मूळ चित्रात १०० पिक्सेल उंच काढलेले अक्षर तिथे सुमारे १३ पिक्सेलचे उरते, आणि ४० पिक्सेलचे अक्षर ५ पिक्सेलचे, म्हणजे निव्वळ डाग. म्हणून काम करताना दर थोड्या वेळाने कॅनव्हास (संपादन चालू असलेले चित्र) १३ टक्क्यांवर आणून पाहावा. तेवढ्या आकारात जे ओळखू येत नाही ते काढून टाकावे. मोठे करून ठेवण्याचा मोह बहुधा गर्दीच वाढवतो.

उजवा खालचा कोपरा मोकळा ठेवावा, तिथे व्हिडिओच्या लांबीची पट्टी बसते. खालच्या कडेवर, अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओंच्या बाबतीत, लाल रेघ येते. कोपरे गोलाकार कापले जातात. काळ्या पार्श्वभूमीचे थंबनेल डार्क थीममध्ये आणि पांढरे लाइट थीममध्ये पानात विरघळून जाते, कडा कुठे संपते ते कळत नाही. कडेला मध्यम उजळपणाचा रंग ठेवला की दोन्हीकडे निभावते.

चित्र. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये आपल्या पाहणीविषयी लिहिले, की प्रेक्षक एका चित्रपटावर किंवा मालिकेवर सरासरी १.८ सेकंद घालवतो आणि चाळताना त्याचे ८२ टक्क्यांहून अधिक लक्ष चित्रावर असते. चित्रात तीनपेक्षा जास्त माणसे झाली की त्याचा प्रभाव घटतो, असेही त्यांना आढळले. ते व्यासपीठ वेगळे असले तरी मुद्दा इथेही लागू पडतो : एक ठळक विषय, एक आधार देणारी वस्तू, आणि फार तर तीन-चार शब्द. चेहरा असेल तर तो मोठा हवा आणि त्याची नजर कशाकडे तरी असावी. 'आ' वासलेले तोंड आणि कपाळावर गेलेल्या भुवया यांचा इतका अतिरेक झाला आहे, की शांत चेहराच आता वेगळा दिसतो.

उठाव तपासायला चित्र कृष्णधवल करून पाहावे. रंग काढल्यावर विषय आणि पार्श्वभूमी एकाच राखाडी छटेत मिसळत असतील, तर रंगीत चित्रातला उठाव फसवा आहे. लाल आणि हिरव्याच्या जोडीत हे हमखास होते. जेपीजीत रंगाची माहिती उजळपणापेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरे कडेला पसरट होतात. पांढरी किंवा पिवळी अक्षरे आणि काळी कडा ही जोडी कंटाळवाणी असली तरी टिकून आहे ती याच कारणाने.

देवनागरी अक्षरे. रोमन लिपीसाठीचे ठोकताळे इथे तसेच चालत नाहीत. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार. म्हणजे ओळीच्या एकूण उंचीतला मोठा भाग मूळ अक्षराला मिळतच नाही. त्याच आकड्याच्या फॉन्टमध्ये देवनागरी बारीक दिसते. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. त्यामुळे शक्यतो एकच ओळ, आणि शब्द निवडताना 'स्पष्टीकरण'ऐवजी 'कारण' असे कमी जोडाक्षरांचे. जाड कडा देताना ती अक्षराच्या बाहेरच्या बाजूनेच द्यावी, नाहीतर 'ष', 'क्ष', 'ध' यांच्यातली पोकळी भरून जाते. मुक्ता आणि बलू यांसारख्या फॉन्टची जाड वजने (जाड ठशाची रूपे) लहान आकारातही बऱ्यापैकी वाचता येतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे तुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत असेल, तर दोष फॉन्टचा नसून मजकुराच्या मांडणीच्या सेटिंगचा असतो. तिथे 'वर्ल्ड-रेडी' पर्याय निवडावा.

शीर्षक. यूट्यूबवर मर्यादा १०० वर्णांची आहे, पण मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते. प्रत्येक मात्रा, वेलांटी आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडण्याचे, जोडाक्षरात लपलेले चिन्ह) वेगळा मोजला जातो. 'स्त्री' हे दिसायला एक अक्षर, मोजणीत सहा. मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच कापले जाते, म्हणून विषय पहिल्या ४०-५० वर्णांत यायला हवा. वाहिनीचे नाव, भागाचा क्रमांक, तारीख हे सुरुवातीला आले की नेमकी हीच जागा वाया जाते. ते शेवटी टाकावे किंवा गाळावे.

शीर्षक आणि थंबनेलवरची अक्षरे यांनी एकच वाक्य दोनदा म्हणू नये, हे सर्वाधिक मोडले जाणारे पथ्य. समजा, व्हिडिओ सायकलच्या झिजलेल्या दात्यांविषयी आहे. शीर्षक : 'नवी चेन टाकूनही पेडल का सटकते?' (३० वर्ण). थंबनेलवर हाच प्रश्न पुन्हा लिहिण्याऐवजी दोन फ्रीव्हील (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या) शेजारी ठेवावीत, एकाचे दाते धड आणि दुसऱ्याचे टोकदार झिजलेले, आणि वर फक्त 'दोष इथे'. शीर्षक प्रश्न विचारते, चित्र उत्तराची दिशा दाखवते, तपशील आत राहतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची मांडणी अशीच केली होती : आपल्याला ठाऊक आहे ते आणि ठाऊक करून घ्यायचे आहे ते यांतली फट जाणवली की कुतूहल जागे होते. प्रेक्षकाला काहीच सांगितले नाही तर फट जाणवतच नाही. 'हे बघून थक्क व्हाल' हे शीर्षक फसते ते इथेच. उलट, उत्तर शोधत आलेल्या माणसाला कोडे नको असते. त्याच्यासाठी तो शोधताना जे शब्द टंकेल तेच साधेपणाने लिहावेत.

मोजमाप. थंबनेल किमान अर्धे आणि एक सेकंदाहून अधिक काळ पडद्यावर दिसले की यूट्यूब एक इम्प्रेशन धरते. त्यांपैकी किती वेळा क्लिक झाले याची टक्केवारी म्हणजे क्लिक-दर. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या वाहिन्यांचा आणि व्हिडिओंचा दर २ ते १० टक्क्यांत असतो. नियमित प्रेक्षकांच्या पलीकडे व्हिडिओ पोहोचू लागला की हा दर उतरतो, आणि त्यावेळी घाबरून थंबनेल बदलणे ही नेहमीची चूक. तुलना करायची तर आपल्याच दोन व्हिडिओंची, प्रकाशनानंतर सारखाच काळ लोटलेला असताना. कमी आकड्यांवर निष्कर्ष काढू नये : १,००० इम्प्रेशनवर ५ टक्के म्हणजे ५० क्लिक, आणि एवढ्यात निव्वळ योगायोगाने सव्वा-दीड टक्क्याचा फरक पडू शकतो.

यूट्यूबच्या चाचणी सुविधेत एका व्हिडिओसाठी तीनपर्यंत थंबनेल प्रेक्षकांत विभागून दाखवता येतात. तिथला निकाल क्लिकवर नव्हे, तर पाहण्याच्या वेळेतील वाट्यावर लागतो. तीन पर्यायांत फक्त बाणाचा रंग वेगळा असेल तर निकाल बहुधा 'फरक नाही' असाच येतो. कल्पनाच वेगळी असलेले पर्याय द्यावेत.

क्लिक-दर चांगला पण ३० व्या सेकंदापर्यंत निम्मे प्रेक्षक गळालेले, असे दिसले तर थंबनेलला हात लावण्याआधी व्हिडिओची सुरुवात पाहावी. बहुतेकदा झिजलेले दाते पाचव्या मिनिटाला दिसतात आणि आधी लांबलचक स्वागत असते. थंबनेलमधली वस्तू पहिल्या काही सेकंदांत पडद्यावर आणावी. ती व्हिडिओत मुळी नसेलच, तर प्रश्न रचनेचा राहत नाही; दिशाभूल करणारे शीर्षक आणि थंबनेल यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीत आणि त्यापायी व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो.