चार्ज ऐंशी टक्के, तरी दार उघडेना: इलेक्ट्रिक कारच्या दोन बॅटऱ्या

इलेक्ट्रिक कार महिना-दीड महिना उभी राहिली आणि आल्यावर रिमोटला दादच देईना, की पहिला संशय जातो मोठ्या बॅटरीवर. ठेवताना ऐंशी टक्के होती, सगळी उतरली की काय? बहुतेक वेळा ती जवळपास ऐंशीवरच असते. उतरलेली असते ती दुसरी, पेट्रोल गाडीत असते तशीच १२ व्होल्टची बॅटरी. बऱ्याच गाड्यांत तिचा टक्का स्क्रीनवर कुठेच दिसत नाही, त्यामुळे ती आहे हेही अनेकांना पहिल्यांदा कळतं ते टो व्हॅन आल्यावर.

आकाराचं बोलायचं तर दोघींत तुलनाच नाही. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत तीस युनिट. अशा बॅटऱ्यांचा दाब बहुतेक गाड्यांत तीनशे-चारशे व्होल्टच्या घरात असतो. लहान बॅटरी ४५ अँपिअर-अवरची धरली तर तिच्यात जेमतेम अर्धं युनिट मावतं. पण चाव्या या अर्ध्या युनिटवालीच्या कमरेला. कुलपं, स्क्रीन, ब्रेकचे आणि चार्जिंगचे कॉम्प्युटर सगळे १२ व्होल्टवर चालतात. शिवाय मोठी बॅटरी सुरक्षेसाठी उभ्या गाडीत बाकी यंत्रणेपासून पूर्ण तोडलेली असते. गाडी चालू करताना खालून ‘टक्’ असा आवाज येतो, तो तिला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, बसल्याचा. ते बसवायला १२ व्होल्टच लागतात. लहान बॅटरी मेली की पोटात चोवीस युनिट असूनही गाडी मुकी. चार्जरची गन लावून उपयोग नाही, कारण गन लागली हे ओळखणारा कॉम्प्युटरही तिच्यावरच जगतो.

गाडी ‘रेडी’ (चालू करून निघायला तयार) असताना किंवा चार्ज होत असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठीतली वीज साधारण १४ व्होल्टवर आणून लहानीला भरतो. पेट्रोल गाडीत हे काम अल्टरनेटर करतो. तिथे निदान पूर्वसूचना मिळते, सकाळी स्टार्टर कण्हायला लागतो. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टरच नाही. थकलेली बॅटरीही शेवटपर्यंत कॉम्प्युटर जागे करत राहते आणि एके दिवशी थेट बसते.

उभ्या गाडीत दोघी उतरतात वेगवेगळ्या कारणांनी. मोठीची आपसूक गळती अगदी किरकोळ. सगळं बंद असेल तर महिन्याला टक्का-दोन टक्के गेले तरी काळजीचं कारण नाही. लहानीवर मात्र अलार्म, चावीचा रिसीव्हर, ॲपसाठीचं सिमकार्ड यांचा भार चोवीस तास. ३० मिलीअँपिअर हा आकडा निरोगी गाडीचाच, पण महिन्याभरात तोही २०-२२ अँपिअर-अवर खातो. म्हणजे ४५ची बॅटरी अर्धी संपली. आणि एखादा कॉम्प्युटर झोपलाच नाही, तीन अँपिअर ओढत बसला, तर पंधरा तासांत खेळ खलास. कायम चालू राहील असा जोडलेला डॅशकॅम, ओबीडी पोर्टात (गाडीची तपासणी करायच्या सॉकेटात) विसरलेलं डोंगल, नीट न लागलेली डिकी, पोर्चला लागून असलेल्या खिळ्यावर टांगलेली, म्हणजे गाडीला सतत जवळ भासणारी चावी ही नेहमीची कारणं. नातवंडांकडे अमेरिकेला गेलेले आजोबा रोज रात्री ॲपवर ‘गाडी किती टक्के’ बघतात, तेही यातच धरा. बऱ्याच गाड्यांत ॲप उघडलं की गाडी जागी होते.

मग गाडी आपलीआपण लहान बॅटरी भरत नाही का? बऱ्याच नव्या गाड्या भरतात. मधूनमधून जाग्या होतात, व्होल्टेज बघतात, कमी असेल तर मोठीतून घेतात. पण सगळ्या नाहीत. काही गाड्यांत मोठी फारच खाली गेली असेल तर ही सोय बंद पडते, आणि प्लग लावून ठेवला म्हणजे लहानही भरत राहील असंही धरून चालत नाही. चार्जिंग संपल्यावर कन्व्हर्टर झोपू शकतो. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल इथे वाचायलाच हवं. लहान बॅटरी पुन्हापुन्हा उतरत असेल तर नवी बसवण्याआधी गाडी ‘रेडी’ ठेवून तिला व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर लावा. १४च्या आसपास आकडा दिसला नाही तर दुखणं बॅटरीचं नाही. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या, त्या याच जातीच्या बिघाडासाठी. चार्जिंगच्या यंत्रणेत दोष आला तर १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकत होती.

सगळ्यात मोठा घोटाळा सल्ल्यांचा होतो. ‘लांब जाताय तर पन्नास टक्क्यांवर ठेवा’ हे खरं, पण फक्त मोठीसाठी. लिथियम बॅटरी महिनोन्‌महिने काठोकाठ भरलेली ठेवली की लवकर म्हातारी होते. शिसं-आम्लाची लहान बॅटरी नेमकी उलट्या स्वभावाची. ती भरलेलीच सुखी. अर्धी ठेवली की पत्र्यांवर सल्फेट धरतं आणि मग चार्ज केली तरी पूर्वीइतकी भरत नाही. आपला उन्हाळा तिचं आयुष्य आणखी कमी करतो. (काही नव्या गाड्यांत लहानही लिथियमचीच असते, तिला चार्जर तिच्याच जातीचा लागतो.) गाडी काही तास बंद ठेवून, बॅटरीला आराम दिल्यावर मोजलं तर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे आजच काहीतरी करा.

दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी काहीच करू नका. महिनाभरासाठी घरातल्या कुणाला तरी दहा-पंधरा दिवसांनी गाडी तासभर ‘रेडी’वर ठेवायला सांगा. नुसतं दार उघडून गाणी ऐकली तर उरलीसुरलीही जाईल. त्याहून जास्त दिवस असतील आणि पार्किंगमध्ये प्लग पॉइंट असेल तर १२ व्होल्टचा मेंटेनर चार्जर (लहान बॅटरी कायम भरलेली ठेवणारा) उत्तम. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये तो पॉइंट मिळणं कठीणच, तेव्हा मॅन्युअलची परवानगी असेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. पण रिमोटच्या पोटातली पत्र्याची चावी आधी कुलपात फिरवून बघा. बॉनेटचा खटका आत असतो आणि परत आल्यावर दार त्या चावीनेच उघडायचं आहे.

एवढं करूनही बॅटरी बसली तर लहानसा जंपस्टार्टर (बाहेरून तात्पुरती वीज देणारी खिशातली बॅटरी) पुरतो, कारण इंजिन फिरवायचं नसतं, फक्त कॉम्प्युटर जागे करून कॉन्टॅक्टर बसवायचे असतात. जोडणी मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टोकांनाच करायची, मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींच्या वाटेला जायचं नाही. शेजाऱ्याच्या पेट्रोल गाडीला आपल्या इलेक्ट्रिकवरून जंप द्यायला मात्र बहुतेक मॅन्युअल मनाई करतात. त्याच्या स्टार्टरला क्षणभर का होईना शेकडो अँपिअर लागतात, आणि ही लहान बॅटरी व तिचा कन्व्हर्टर त्यासाठी बनवलेलेच नसतात.