विपुटीशोथ : उपचारपद्धती

बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) भित्तीतील स्नायुथर जेथे दुबळा असतो तेथून आतले श्लेष्मल अस्तर बाहेर फुगते व वाटाण्या-हरभऱ्याएवढ्या लहान पिशव्या तयार होतात. या पिशव्यांना विपुटी म्हणतात. नुसत्या विपुटी बहुधा काही त्रास देत नाहीत. त्यांपैकी एखादीला सूज आली म्हणजे विपुटीशोथ, अर्थात डायव्हर्टिक्युलायटिस, झाला असे म्हणतात. ‘आंत्रपुच्छशोथ’ (अपेंडिसायटिस) या शब्दाच्या धर्तीवर हा पारिभाषिक शब्द घडलेला असला, तरी इंदूरच्या दवाखान्यांत मराठी रुग्णाच्या तोंडी ‘आतड्याला सूज’ हाच शब्दप्रयोग ऐकू येतो. तोच शब्द साध्या जुलाबालाही लावला जात असल्यामुळे, ‘पूर्वी दोनदा सूज आली होती’ एवढ्या सांगण्यावर उपचार ठरवता येत नाहीत. त्या वेळचा सीटी स्कॅनचा अहवाल पाहावा लागतो.

विपुटींचे पहिले वर्णन कोणाचे, याविषयी एकवाक्यता नाही. फ्रेंच शारीरविद आलेक्सी लित्र यांच्या इ. स. १७०० च्या सुमाराच्या नोंदीला काही ग्रंथ हा मान देतात. परंतु ती नोंद हर्नियात उतरलेल्या लहान आतड्याच्या पिशवीची असावी, असे मानण्यास जागा आहे. झां क्रूव्हेल्ये यांनी १८४९ मध्ये केलेले वर्णन मात्र निश्चितपणे बृहदांत्राच्या सिग्मॉइड या वळणदार भागाचे असल्याने तेथूनच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. रक्तवाहिन्या ज्या ठिकाणी स्नायुथर भेदून आत शिरतात नेमक्या त्याच ठिकाणी या पिशव्या फुगतात, हे एर्न्स्ट ग्रासर यांनी १८९९ मध्ये दाखवले, आणि १९०७ मध्ये विल्यम मेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याचा सुजलेला भाग कापून काढल्याची उदाहरणे प्रसिद्ध केली. तेव्हापासून सुमारे शतकभर शस्त्रक्रियेचे क्षेत्र वाढत गेले. गेल्या पंचवीसेक वर्षांत ते पुन्हा आक्रसले आहे.

पाश्चात्त्य देशांत हा विकार प्रामुख्याने डाव्या बाजूच्या सिग्मॉइड भागात आढळतो, तर पूर्व आशियात उजव्या बाजूच्या विपुटींचे प्रमाण मोठे आहे. उजव्या बाजूचे दुखणे अपेंडिक्सचे समजून पोट उघडले गेल्याची व आत वेगळेच सापडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात पुष्कळ आहेत. उजव्या बाजूचा विपुटीशोथ सामान्यतः सौम्य असून तो बहुधा औषधोपचाराने शमतो.

आहारासंबंधीचा उपदेश एका शतकात पूर्णपणे उलटला. पूर्वी रुग्णाला कमी चोथ्याचे अन्न देत असत. नील पेंटर व डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये, तंतुमय पदार्थांची उणीव हेच या विकाराचे मूळ होय, असे प्रतिपादन केले आणि पथ्याची दिशा बदलली. २०१२ मधील एका अमेरिकन पाहणीत अधिक तंतू खाणाऱ्यांतही लक्षणरहित विपुटी कमी आढळल्या नाहीत, त्यामुळे पिशव्या तयार होण्याचे कारण म्हणून हा सिद्धांत आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. विकार बळावण्याबाबत मात्र पुरावा वेगळा आहे : २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४७,००० हून अधिक लोकांच्या ब्रिटिश अभ्यासात शाकाहारी व्यक्तींमध्ये या विकाराचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी आढळला. पिशवी असणे आणि पिशवी सुजणे या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या म्हणजे या मतभेदातील बराचसा गोंधळ दूर होतो.

बिया, शेंगदाणे व मका पिशवीत अडकून सूज आणतात, ही समजूत वैद्यांतही दीर्घकाळ रुजलेली होती. इंदुरी ताटाला हे पथ्य फार जाचक आहे. त्यात भुट्ट्याचा कीस, शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि पोह्यांवरचे डाळिंबाचे दाणे असे सारेच वर्ज्य ठरते. ४७,२२८ पुरुषांचा अठरा वर्षे मागोवा घेऊन २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मका किंवा कठीण कवचाची फळे खाण्याने धोका वाढलेला दिसला नाही. उलट ही फळे व मक्याच्या लाह्या नेहमी खाणाऱ्यांत तो थोडा कमीच होता. दुखणे तीव्र असेतोवर भाताची पेज किंवा मुगाच्या डाळीचे पाणी यांवर राहावे आणि पोट निवले की चोथ्याचे अन्न हळूहळू वाढवावे, एवढेच पथ्य आज उरले आहे.

गुंतागुंत नसलेल्या विपुटीशोथात प्रतिजैविके हवीत की नकोत, हा या विषयातील सर्वांत चर्चिलेला प्रश्न होय. सिप्रोफ्लॉक्सासिन व मेट्रोनिडाझोल, किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, हा पाठ अनेक दशके निरपवाद मानला जात असे. २०१२ मध्ये स्वीडन व आइसलंड येथील ६२३ रुग्णांवरील चाचणीत प्रतिजैविके दिलेल्या व न दिलेल्या गटांतील गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२८ रुग्णांच्या डच चाचणीत बरे होण्याचा मध्यक काळ औषधाविना चौदा दिवस व औषधासह बारा दिवस होता, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. या चाचण्यांतील रुग्ण सीटी स्कॅनने पारखून घेतलेले आणि एरवी धडधाकट होते, ही गोष्ट त्यांचे निष्कर्ष उद्धृत करताना बहुधा निसटते. स्टेरॉइड घेणारे, अवयवरोपण झालेले, गरोदर किंवा जंतुरक्ततेची (सेप्सिसची) चिन्हे असलेले रुग्ण यांना प्रतिजैविके द्यावीतच. मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेली ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी मात्र कोणत्याच बाजूच्या पुराव्यात बसत नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्यावे. डायक्लोफिनॅकसारख्या दाहशामकांचा विपुटी फुटण्याशी संबंध आढळला आहे.

गुंतागुंतीच्या विकाराची प्रतवारी १९७८ च्या हिंची वर्गीकरणानुसार करतात : आतड्यालगतचा गळू, दूरचा किंवा ओटीपोटातील गळू, पोटभर पसरलेला पू आणि पोटात सांडलेला मळ. तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा मोठा गळू सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने त्वचेतून नळी घालून रिकामा करतात. लहान गळू बहुधा औषधांनीच जिरतो. तिसऱ्या प्रतीत दुर्बिणीने पोट धुऊन आतडे जागच्या जागी ठेवण्याचा पर्याय आकर्षक वाटला होता. परंतु दुसऱ्या एका डच चाचणीतील तो विभाग पुन्हा कराव्या लागलेल्या हस्तक्षेपांमुळे मुदतीआधीच थांबवावा लागला, आणि एका स्कँडिनेव्हियन चाचणीचा अनुकूल निष्कर्ष जमेस धरूनही ही पद्धत निवडक रुग्णांपुरतीच ठेवणे इष्ट दिसते.

आतडे कापून वरचे टोक पोटावर उघडे ठेवण्याची शस्त्रक्रिया आंरी हार्टमान यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९२१ मध्ये कर्करोगासाठी मांडली होती. विपुटीशोथात ती नंतर रूढ झाली. रुग्ण स्थिर असेल तर दोन्ही टोके त्याच वेळी जोडण्याकडे आता कल आहे, कारण हार्टमाननंतर काही महिन्यांनी जोडणीसाठी व्हायची असलेली दुसरी शस्त्रक्रिया अनेकांच्या बाबतीत होतच नाही आणि मळ गोळा करण्यासाठी पोटावर लावलेली पिशवी कायमची राहते. वेळ हाती असेल तर आतड्याच्या पोटावर उघडणाऱ्या तोंडाची जागा रुग्णाला उभे करून, बसवून व वाकवून शाईने आधीच आखतात. नेहमी साडी नेसणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत परकराची नाडी जेथे येते ती रेघ टाळावी लागते, नाहीतर पिशवीची चकती दर दोन दिवसांनी सुटते.

दोन झटक्यांनंतर आतड्याचा भाग काढावा, हा जुना दंडक अमेरिकन शल्यविशारदांनी २००६ च्या सुमारास सोडला, कारण आतडे फुटण्याचा धोका बहुधा पहिल्याच झटक्यात सर्वाधिक असतो. मूत्राशयाशी जोडमार्ग होऊन लघवीतून हवा जाणे, आतडे आकसणे आणि सतत टिकणारी वेदना ही नियोजित शस्त्रक्रियेची आजची कारणे होत. झटके टळावेत म्हणून दिल्या जाणाऱ्या मेसालामाइन या आतड्याच्या दाहावरील औषधाचा उपयोग मोठ्या चाचण्यांत दिसला नाही. झटका ओसरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, विशेषतः विकार गुंतागुंतीचा असल्यास, कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून कर्करोग नसल्याची खात्री करतात; तीव्र अवस्थेत ती करत नाहीत, कारण आत भरलेल्या हवेच्या दाबाने बुजलेले छिद्र पुन्हा उघडू शकते.